मागच्या सतरंजीवरच्यांनाही विचारा : गावच्या नाट्योत्सव समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
नाट्योत्सव समिती

सप्रेम नमस्कार.

देवळाच्या फळ्यावर लावलेला तुमचा ठराव परवा वाचला. मे महिन्यात आपल्या मंडपात झालेला 'एकच प्याला'चा नव्या धर्तीचा प्रयोग गावाच्या परंपरेला शोभणारा नव्हता, म्हणून त्या मंडळींची उरलेली निम्मी बिदागी द्यायची नाही आणि यापुढे मूळ संहितेबरहुकूमच नाटकं आणायची, असं त्यात लिहिलंय. शेवटी एक ओळ आहे : बहुसंख्य प्रेक्षकांचं हेच मत आहे.

त्या ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे. समितीतले निम्मे जण मला काकी म्हणतात, म्हणून घरी येऊनही बोलता आलं असतं. पण ठराव फळ्यावर लागला, तर उत्तरही सगळ्यांना वाचता यायला हवं. त्या रात्री पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत मी मंडपात होते. दुसऱ्या दिवसापासून बाजारात, विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर जो भेटेल त्याला विचारत होते, "नाटक कसं वाटलं?" तुमचं बहुसंख्यांचं मत मला पुढच्या तीन रांगांतल्या खुर्च्यांवर भेटलं. त्यांच्या मागे सतरंज्यांवर आणि बाजूच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसलेल्यांना कोणी विचारलेलं नाही.

खुर्च्यांवरच्यांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्यातलीच आहे. याच मंडपात तीन वेळा मी सिंधू, म्हणजे 'एकच प्याला'ची नायिका, केली आहे. आधी माझे वडील आणि नंतर दीर पायपेटीवर बसायचे, तबल्याला देवगडहून माणूस यायचा आणि नाटक संपेपर्यंत पूर्वेला फटफटायला लागलेलं असायचं. त्या रात्री नांदी झाली नाही तेव्हा माझ्याही छातीत कळ आली. रंगदेवतेला नारळ ठेवल्याशिवाय आणि नांदीचे सूर घुमल्याशिवाय आपल्याकडे नाटकाला सुरुवात होत नाही. एक काका तिथेच उठून गेले, ते रागाने गेले नाहीत, दुखावून गेले. दिग्दर्शकाला हे कळायला हवं होतं. एवढी एक गोष्ट त्याला आधी कानात सांगायला आपल्यातलं कोणी गेलं नाही, हेही तितकंच खरं.

दुसरं, साथ. पायपेटी नाही, तबला नाही, सगळं आधी मुद्रित केलेलं आणि स्पीकरवरून सोडलेलं. यावर माझं मत पुढच्या रांगेपेक्षाही कडक आहे. नाट्यपद गाणारा श्वास कुठे घेईल, कुठल्या शब्दावर रेंगाळेल, हे त्या रात्रीचा मंडप ठरवतो. वाजवणारा त्याच्या तोंडाकडे बघत मागे-पुढे होतो. स्पीकर कोणासाठी थांबत नाही. सिंधू झालेल्या मुलीचा गळा चांगला होता, पण पदाच्या मध्यावर तिचा आवाज भरून आला, ती क्षणभर थांबली आणि तेवढ्यात साथ पुढे निघून गेली. ते ऐकताना माझा जीव कळवळला. ही तक्रार त्या संस्थेला जरूर लिहा. खाली माझीही सही करते.

आता ज्यामुळे खरा गदारोळ झाला त्याबद्दल. दारुडा तळीराम मालवणी बोलला, त्याच्या आर्य मदिरा मंडळाची, म्हणजे पिणाऱ्यांच्या टोळक्याची, बैठक रंगमंचावर न होता प्रेक्षकांत झाली, आणि लोक हसले. ठरावात याला थिल्लरपणा म्हटलंय.

राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक हातात घेऊन पाहा. त्यात हसणं किती आहे! मदिरा मंडळातली भाषणं, तळीरामाचे युक्तिवाद, तो अंथरुणाला खिळल्यावर त्याच्या उशाशी वैद्य आणि डॉक्टर यांची जुंपलेली. मरायला टेकलेल्या माणसाच्या खाटेशेजारी गडकरी आपल्याला हसवतात. हे त्यांनी जागा भरायला लिहिलेलं नाही. सिंधूचा नवरा सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, मानी आहे. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि त्या घावावर फुंकर घालायला पहिला प्याला घेऊन येतो तो हा गमत्या तळीराम. दारू घरात शिरते ती हसत हसत शिरते. आपल्या गावातल्या कुठल्या घरात ती रडत शिरली आहे, सांगा. लग्नाच्या वरातीत, क्रिकेटची मॅच जिंकल्यावर, शिमग्यात पालखी नाचवून झाल्यावर, "घे रे, एकाने काय होतंय." गावाची सगळ्यात जास्त करमणूक करणारा माणूसच हा प्याला पुढे करतो. म्हणून तळीराम हसवणाराच हवा, आणि तो आपल्या बोलीत हसवणारा असेल तर त्याचं हसवणं आपल्या अंगाला लागतं.

मालवणी रंगभूमीला शोभत नाही, हे वाक्य तर या किनाऱ्यावर बसून कोणी उच्चारू नये. १९८० साली 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक मुंबईच्या रंगमंचावर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला काय मान मिळवून दिला हे आपण पाहिलं आहे. त्याच्याही कितीतरी आधीपासून दशावतारातला संकासूर मालवणीतच बोलतो. जत्रेच्या रात्री आपण काय बघतो? आधी संकासुराची हास्याची गडबड, मग आख्यान लागतं, आणि पहाटे त्याच रंगमंचावर राणी वनवासाला निघते तेव्हा मघाशी पोट धरून हसलेल्या बायका पदराने डोळे पुसत असतात. हसू आणि रडू एका रात्रीत, एका पेटीच्या सुरांवर घेणं आपल्याला कोणी शिकवायला नको. 'एकच प्याला'ही याच जातीचं नाटक आहे. त्यातला विनोद सोवळ्यात ठेवून फक्त शोक घ्यायचा म्हटलं तर शोकही पोचत नाही.

त्या रात्री काय घडलं ते पुढच्या खुर्च्यांवरून दिसलं नसेल, म्हणून सांगते. मी मध्यंतरानंतर उठून मागे, बायकांमध्ये जाऊन बसले. पाठदुखीमुळे मला खुर्चीत फार वेळ बसवत नाही. मदिरा मंडळाच्या बैठकीच्या वेळी मंडपातले दिवे चालू ठेवले होते. मंडळाचे सभासद आपल्यातच येऊन बसले, एकाने गडग्यावरच्या पोरांशी हस्तांदोलन केलं. पोरं ओरडत होती, टाळ्या देत होती, मागच्या बाजूला तर एकाने शिट्टी घातली. नंतर चौथ्या-पाचव्या अंकाचा भाग आला. सुधाकर झिंगलेला घरी येतो आणि त्याची काठी बाळावर पडते. दिवे तसेच चालू होते, दिग्दर्शकाने ते बंद केलेच नाहीत. मघाशी हसणारे चेहरे एकमेकांना दिसत होते. गडग्यावरचा आवाज तर गेलाच, पण बघता बघता दोन पोरं खाली उतरून अंधारात निघून गेली. त्यातला एक तीन दिवसांनी मला बाजारात भेटला. म्हणाला, "काकी, मी हसत होतंय तां सगळ्यांनी बघल्यानी." एवढंच बोलला. याला मत म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

माझ्या शेजारी खालच्या वाडीतली एक बाई बसली होती. तिने आयुष्यात संगीत नाटक पाहिलेलं नव्हतं, राग-ताल काही ठाऊक नाहीत. दुसऱ्या दिवशी मासळी घेऊन दारात आली तेव्हा मी तिला विचारलं. ती टोपली न उतरवताच म्हणाली, "माका रडू इला नाय गो बाय, पन रात्रभर डोळो लागलो नाय." हिच्या घरी काय चालतं ते साऱ्या वाडीला माहीत आहे. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करत फिरणाऱ्या बायकांत ती होती. इतक्या वर्षांत आपल्या मंडपातल्या एखाद्या नाटकाने तिच्या दारापर्यंत जाऊन तिला हाक मारली असेल तर ती याने.

पदांबद्दल माझ्या मनात अजून दोन बाजू आहेत. मूळ नाटक पाच अंकी. या मंडळींनी ते सव्वादोन तासांत बसवलं, त्यात पुष्कळ पदं गेली. सुधाकरची बहीण शरद आणि त्याचा मित्र रामलाल यांचं कथानक जवळजवळ सगळं गेलं, त्याचं मला वाईट वाटलं. ती बालविधवा आणि तिच्याविषयी रामलालच्या मनात चाललेली ओढाताण हा नाटकाचा दुसरा डोळा आहे. तो मिटला की सुधाकरचं दारू पिणं हा एका माणसाचा दोष एवढाच उरतो, भोवतालचा समाज दिसेनासा होतो. पण पद कापणं म्हणजे देवाच्या मूर्तीचा हात तोडणं, असं आपले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, तिथे मला थांबावंसं वाटलं.

कारण या नाटकाची पदं गडकऱ्यांची नाहीतच. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गुर्जर आपल्या कोकणातले, राजापूर तालुक्यातल्या कशेळीचे. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले, आणि नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं ते त्यानंतर, फेब्रुवारीत, बडोद्याला. आपलं नाटक रंगलेलं गडकऱ्यांनी पाहिलंच नाही. लिहिणारा एक, पदं रचणारा दुसरा, आणि त्यांत प्राण भरणारे बालगंधर्व नि गणपतराव बोडस. हे नाटक पहिल्या दिवसापासून असं अनेक हातांचं आहे. मग 'मूळ' म्हणजे नेमकं काय, कुठल्या रात्रीचा प्रयोग मूळ? बालगंधर्वांनी वन्स मोअर घेऊन घेऊन पहाटेपर्यंत नेलेला, की छापील पुस्तकातला?

आणि संगीत नाटक तरी एका जागी कधी थांबलं? विष्णुदास भाव्यांच्या नाटकात सूत्रधारच गायचा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हा पात्रं स्वतःची पदं स्वतः गायला लागली. १९६४ साली 'मत्स्यगंधा' आलं, तेव्हा संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी पदं आटोपशीर केली, तानांची आतषबाजी कमी केली. आज तीच पदं आपण परंपरा म्हणून भजनाच्या आधी डोळे मिटून ऐकतो. समितीतल्या प्रत्येकाला ती पाठ आहेत.

'कशी या त्यजू पदाला' बद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त राग त्यावर निघाला. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला आलेला, आणि सिंधू नवऱ्याचे पाय सोडायला तयार नाही. हे पद मी याच मंडपात गायले आहे. एका वर्षी मला तीन वन्स मोअर मिळाले होते. त्या रात्रीचा आनंद मी अजून विसरलेले नाही. त्या मुलीने तेच पद भांडी घासता घासता म्हटलं. आलाप नाही, तान नाही, अंतरा अर्धाच. आणि ती नवऱ्याकडे बघत नव्हती, दारात उभ्या असलेल्या भावाकडे बघत होती. पुढून कोणीतरी "अहो, गा ना!" असं ओरडलं.

मीही आधी मनात तेच म्हटलं. मग मला माझे तीन वन्स मोअर आठवले. प्रत्येक वेळी मी डोळ्यांतलं पाणी थांबवून, सिंधूतून बाहेर येऊन, प्रेक्षकांना नमस्कार करून परत गायला उभी राहिले होते. लोकांना माझा गळा ऐकायचा होता आणि मला तो ऐकवायचा होता. सिंधूचं काय होत होतं याकडे आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं. या मुलीच्या पदाला टाळी मिळाली नाही. पण ते संपल्यावर माझ्या आजूबाजूच्या बायका आपापसात बोलायला लागल्या, नाटक चालू असताना. एक म्हणाली, "गेला व्हया होता भावाबरोबर." दुसरी म्हणाली, "आनि पोरग्याचा काय करतली? भावाची बायको किती दिवस ठेवतली?" त्यावर तिसरी, वयाने मोठी, म्हणाली की सिंधूने जे केलं तेच बरोबर, लग्नाची बायको अशीच असते. दोघी तिच्यावर उलटल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातल्या बाईने माहेरी जावं की राहावं, यावर आपल्या मंडपात, आपल्या बायकांनी हमरीतुमरी केली! पुढे सिंधू नवऱ्याला वाचवायला फौजदारासमोर खोटं बोलते, तेव्हा त्या तिघीही गप्प झाल्या.

मला हे पद पुन्हा पूर्ण ऐकायचं आहे, पायपेटीच्या साथीवर, सगळ्या हरकतींसकट. हेही खरं. आणि त्या मुलीने जे केलं त्याने मला माझीच सिंधू नव्याने दिसली, हेही खरं. दोन्ही खरं असू शकतं, आणि ठराव लिहिताना यातलं एक खोडून टाकायची काही गरज नव्हती.

सगळ्यांना आवडलं असा दावा मी करत नाही. मुंबईहून सुट्टीला आलेली कॉलेजातली काही मुलं म्हणाली की दुसरा भाग फार अंगावर आला, आम्हाला गाणी ऐकायची होती. एक भटजी म्हणाले, चांगलं होतं, पण देवळाच्या मंडपात प्याले नकोत. मी त्यांना एवढंच म्हटलं की प्याले मूळ नाटकातही आहेत, आणि आम्ही करायचो तेव्हा ते देवळाच्याच समईघरात ठेवलेले असायचे, कोकमाचं सरबत भरून. माझ्या दिरांना, ज्यांनी आयुष्यभर पायपेटी वाजवली, नाटक मुळीच आवडलं नाही आणि ते अजून माझ्याशी त्यावर वाद घालतात. रोज संध्याकाळी घालतात. गेल्या पंधरा वर्षांत आपल्या उत्सवात आलेल्या एकाही नाटकावर आमच्या ओटीवर सलग दोन दिवस बोलणं झालेलं मला आठवत नाही.

म्हणून माझ्या मागण्या सांगते.

उरलेली बिदागी या महिन्यात पोचती करा. मंडळी आली, ठरलेलं नाटक ठरलेल्या वेळी केलं, रात्री दोन वाजता आपलं पिठलं-भात खाऊन टेम्पोत बसून गेली. न आवडलेल्या नाटकाचे पैसे कापायची रीत आपल्या गावात नव्हती. दशावतारी कंपनीचा एखादा खेळ पडला तरी तुमच्या वडिलांनी नाईकाच्या हातावर पूर्ण पैसे ठेवलेले मी पाहिले आहेत.

ठरावातलं शेवटचं वाक्य काढून टाका. समितीचं मत म्हणून काय लिहायचं ते लिहा, तो तुमचा अधिकार आहे. प्रेक्षकांचं मत लिहायचं तर प्रेक्षकांना बोलवा. चतुर्थीच्या आधी एखाद्या दुपारी धर्मशाळेत सगळ्या वाड्यांतल्यांना बसवा, खुर्च्या न मांडता, सतरंजीवर. बायकांना यायला जमेल अशी वेळ धरा, म्हणजे मासळीचा बाजार आटोपल्यावर आणि रांधपाच्या आधी. जे बोलतील ते वहीत उतरवून घ्यायला मी येते.

आणि त्याच मंडळींना पुढच्या वर्षी परत बोलवा. दोन अटी घाला, त्यांत मी तुमच्या बाजूने उभी राहीन : नांदी व्हायलाच हवी, आणि साथ जिवंत हवी. तळीरामाला मात्र हात लावायला सांगू नका.

साथीसाठी पायपेटी लागेल. देवळाची पायपेटी समईघराच्या मागच्या खोलीत आहे, किल्ली माझ्याकडे असते. काल उघडून पाहिली. भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलंय, खालच्या सप्तकातले चार सूर बोलत नाहीत, उजवा पाय दाबला की हवा बाहेर जाते. रीड्स बऱ्याच शाबूत आहेत. सावंतवाडीला एक कारागीर हे काम करतो, पाऊस ओसरला की त्याला आणून दाखवायचं मी ठरवलं आहे. दीर म्हणाले, नाटक कसंही असो, पेटी लागली तर वाजवायला मी बसेन. खर्चातला निम्मा वाटा मी देते. उरलेल्यासाठी समितीने वर्गणीचं पुस्तक काढावं, पहिली पावती माझ्या दिरांच्या नावे फाडावी.

आपली,
काकी
(याच मंडपातली एके काळची सिंधू)